हवेची सोय

पुण्याच्या मार्केट यार्डात शिरणाऱ्या प्रत्येक दहा चाकी ट्रकमध्ये हवेचा एक छोटा कारखाना असतो. इंजिन चालू आहे तोवर तोही चालू. रात्री कांद्याची गाडी गाळ्यासमोर रिव्हर्स लागते, ड्रायव्हर ब्रेक सोडतो आणि ‘फिस्स’ असा मोठा सुस्कारा ऐकू येतो, तो या कारखान्याचा. त्याच रांगेत मागे उभ्या असलेल्या पिकअपमध्ये मात्र असले काही नसते. पुरंदरची सीताफळे नाहीतर भोरकडची भाजी घेऊन आलेल्या त्या गाडीचे मागचे चाक बसले, तर ड्रायव्हरने गेटबाहेर पंक्चरवाला शोधायचा, नाहीतर शेजारच्या ट्रकवाल्याला गळ घालायची, ‘दादा, जरा हवा द्या की.’

मोठ्या गाडीला घरची हवा आणि छोटीला उसनी, हा भेद कोणी ठरवून केलेला नाही. आपल्याकडच्या मालवाहू गाडीवर कॉम्प्रेसर चढला तो मुळात टायरसाठी नव्हेच. तो ब्रेकसाठी चढला, विहिरीचा खडक फोडायला चढला, अगदी हॉर्न वाजवायलाही चढला. टायरच्या वाट्याला त्यातली उरलीसुरली हवा आली. निव्वळ टायर फुगवायला गाडीवर कॉम्प्रेसर बसवून घ्यायची चाल अलीकडची, आणि ती छोट्या गाड्यांची.

पुण्याच्या बाजाराचा माल शतकानुशतके हवेशिवायच आला. शुक्रवार पेठेतली मंडई, म्हणजे तेव्हाचे रे मार्केट, १८८६ साली उघडली. नगरपालिकेत असलेल्या जोतीराव फुल्यांचा या इमारतीवरच्या खर्चाला विरोध होता; आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला फुल्यांचे नाव मिळाले, हा पुण्याचा आवडता किस्सा. इथे महत्त्वाचे एवढेच, की मंडई उघडली त्या वर्षी हवेचा टायर बाजारात नव्हता. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते, पण जग ते विसरून गेले होते. बेलफास्टमध्ये जनावरांचा दवाखाना चालवणाऱ्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलीला रबरी नळी गुंडाळली आणि १८८८ मध्ये नवे पेटंट मिळवले. पुण्यातली नवी मंडई तेव्हा दोन वर्षांची झाली होती.

मंडईत गाड्या यायच्या त्या लाकडी चाकांच्या. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, वरून लाकडाचा घेर आणि त्या घेरावर लोखंडाची धाव. धाव बसवणे हे लोहाराचे खास काम. ती चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहानच वळायची, मग गोवऱ्यांच्या विस्तवात लाल होईतो तापवायची. तापली की पसरते. दोघा-तिघांनी सांडशीने उचलून ती चाकावर चढवायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत वरून पाणी ओतायचे. धाव आकसते, सांधे करकरतात, चाक आवळले जाते. या साऱ्या व्यवहारात हवा होती ती फक्त लोहाराच्या भात्यात. धाव लावलेले चाक पंक्चर होत नाही, हा त्याचा मोठाच गुण. मात्र ते रस्ता खाते, बैलांच्या मानेला हिसके देते आणि टोमॅटोसारख्या मालाचा वाटेतच रस्सा करते.

हवेचे टायर आले तेव्हा ते आधी सायकलीला आले. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या काळात गल्लोगल्ली तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने होती आणि प्रत्येक दुकानाच्या दारात हातपंप टांगलेला असे. हवा विकत मिळते, तिला दाम पडतो, ही कल्पना पुणेकरांच्या अंगवळणी पडली ती या दुकानांतून. पुढे ‘हवा-पंक्चर’ अशी एकच पाटी रंगवली जाऊ लागली.

मोटारलॉऱ्या त्यामागून आल्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. स्वातंत्र्याच्या सुमारास वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो जोडायला घेतल्या. या लॉऱ्यांचा टायर बसला की क्लीनरच्या दंडांची परीक्षा. लांब दांड्याचा पंप, एक माणूस दमला की दुसरा, आणि मधे मधे टायरवर टॉमी हाणून आवाजावरून अंदाज. युरोप-अमेरिकेत तेव्हा एक नामी पंप मिळायचा. पेट्रोल इंजिनाचा एक स्पार्क प्लग काढून त्या भोकात तो फिरवून बसवायचा आणि इंजिन उरलेल्या सिलिंडरांवर चालू ठेवायचे. रिकाम्या सिलिंडरमधला दाब पंपाचा दट्ट्या वरखाली करायचा आणि दट्ट्या बाहेरची स्वच्छ हवा ओढून टायरमध्ये ढकलायचा. गाडीने स्वतःच्या टायरसाठी स्वतः हवा करण्याचा तो बहुधा सगळ्यात साधा मार्ग. पण मालवाहतूक डिझेलकडे वळली आणि डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. तिथेच त्या युक्तीचा कारभार आटोपला.

बैलगाडीलाही दरम्यान हवेची चाके लागली होती. डनलॉपने १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला टायरचा कारखाना काढला आणि पुढे जनावरांच्या गाड्यांसाठी खास टायर विकले. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ही गाडी इतकी रुळली, की आजही ऊसतोडीच्या बोलीत ‘टायरगाडी’ म्हटले की वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या बैलगाडीपेक्षा तिच्यावर कितीतरी जास्त ऊस लादता येतो. बैलांना त्याचा फायदा झाला की गाडीमालकाला, याचे उत्तर कारखान्याच्या गेटवरची रांग बघितली की कळते. या गाडीचे चाक फडात बसले तर तिथे पंप कुठला? सायकलच्या पंपाने टायरगाडीचे चाक फुगवणारी माणसे साखरपट्ट्यात अजून भेटतील.

मग ब्रेक आला, आणि त्याच्याबरोबर खरा कॉम्प्रेसर.

दाबलेल्या हवेने गाडी थांबवायची कल्पना रेल्वेची. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. आपल्या रेल्वेने गंमत म्हणजे बराच काळ व्हॅक्युम ब्रेकवरच दिवस काढले. रस्त्यावरच्या जड गाड्यांनी मात्र हवा जवळ केली, कारण दहा-पंधरा टन धूड घाटात आवरायला माणसाच्या पायाची ताकद पुरी पडत नाही. टाटांच्या टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार केला आणि १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. तो करार १९६९ पर्यंत चालला. मद्रासला १९६२ मध्ये सुंदरम-क्लेटन ही कंपनी निघाली, तीच हवेच्या ब्रेकचे सामान देशात करण्यासाठी. त्यानंतरच्या दशकांत जड ट्रक म्हणजे हवेचा ब्रेक हे समीकरण पक्के झाले.

हा ब्रेक चालतो असा. इंजिनाला जोडलेला दट्ट्याचा कॉम्प्रेसर हवा दाबून चासीखालच्या टाक्यांत भरतो. दाब सात-आठ बारच्या आसपास गेला, की अनलोडर व्हॉल्व्ह जादा हवा बाहेर सोडून देतो. उभ्या गाडीखालून मधूनच येणारा शिंकेसारखा आवाज तोच. ड्रायव्हरने पाय दिला की टाकीतली हवा चाकांजवळच्या चेंबरमध्ये जाते आणि दांडा ढकलून ब्रेकचे बूट ड्रमवर दाबते. रात्रभर उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीतली हवा झिरपून गेलेली असते. म्हणून सकाळी सेल मारला की ड्रायव्हर लगेच निघत नाही. ‘हवा बनू दे’ म्हणतो आणि काटा वर चढेपर्यंत चहा घेतो. हा चहा सोडू नये. टाकीत हवा नसताना ट्रक हलवणे म्हणजे थांबायची सोय नसताना निघणे. नव्या गाड्यांत म्हणूनच उलटी योजना आहे: स्प्रिंग ब्रेक आवळून धरते आणि हवा तो सोडवते. हवा नाही तर गाडी जागची हलतच नाही.

पुण्याच्या बाजाराला या हवेची किंमत भूगोलाने शिकवली. मुंबईकडे बोरघाट, साताऱ्याकडे कात्रज आणि पुढे खंबाटकी, सासवडकडे दिवेघाट. शहराच्या तिन्ही बाजूंना उतार. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून, वर इंजिनही बंद करून सोडायची एक आत्मघातकी खोड जुन्या ड्रायव्हरांत होती. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. टाकीत जेवढी हवा शिल्लक तेवढेच ब्रेक. चार-सहा वेळा दाबले की पायाखाली काहीच नाही. ‘ब्रेक फेल’ एवढ्या दोन शब्दांत बातमीत जे अपघात यायचे, त्यातल्या काहींचे मूळ अशा वाचवलेल्या पाव लिटर डिझेलमध्ये असे.

टाकीत हवा आहेच तर टायरलाही द्यावी, हे कुणालाही सुचेल असे होते. पुष्कळ ट्रकांच्या अनलोडरवर टायर भरण्यासाठी तोटी ठेवलेलीच असते. तिला पाइप जोडायचा, दुसरे टोक टायरच्या व्हॉल्व्हला लावायचे आणि इंजिन रेस करायचे. मोकळ्या माळावर रात्री हीच सोय उपयोगी पडते. एक मेख मात्र आहे. आठ बार म्हणजे सुमारे ११६ पौंड, आणि भरल्या ट्रकच्या टायरला लागणारी हवा शंभराच्या पुढेच असते. टायर भरत आला की दोन्हीकडचा दाब जवळजवळ सारखा होतो आणि शेवटची भर फार सावकाश पडते. त्यामुळे ट्रकवाला घरच्या हवेवर गाडी पुढच्या गावापर्यंत नेतो आणि टायरची कसर तिथे दुकानात काढतो. शिवाय दाबलेल्या हवेतून पाणी सुटते. पावसाळ्यात टाकीच्या तळाशी तेलकट पाणी साठते आणि शिस्तीचा क्लीनर रोज खालची कडी ओढून ते सोडून देतो. बेशिस्त असला, तर तेच पाणी व्हॉल्व्हमध्ये आणि कधी टायरमध्ये पोचते.

पुण्यात कृषी उत्पन्न बाजार समिती १९५७ मध्ये स्थापन झाली. नाना पेठ, भवानी पेठेतला भुसार बाजार आणि मंडईतला भाजीचा घाऊक व्यापार पुढच्या काळात टप्प्याटप्प्याने गुलटेकडीला, म्हणजे आजच्या मार्केट यार्डात, आला. पेठांच्या बोळांत ट्रक वळत नव्हता, हे त्यामागचे एक साधे आणि बळकट कारण. गुलटेकडीला जागा रुंद होती, सातारा रस्ता हाकेच्या अंतरावर होता. आग्र्याचा बटाटा, मध्य प्रदेशचा लसूण, जुन्नर-खेडचा कांदा, कर्नाटकचा आंबा, दक्षिणेचा नारळ, सारे एका आवारात उतरू लागले आणि ट्रकांच्या मागोमाग टायरचा धंदाही आला.

बाजार समितीच्या दफ्तरात आडत्या आहे, व्यापारी आहे, हमाल आहे, तोलणार आहे. प्रत्येकाचा परवाना, प्रत्येकाचा दर. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हमालाला संघटना दिली, १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला मंडळ दिले. पंक्चरवाला यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तो आवाराच्या भिंतीबाहेर असतो, पत्र्याच्या शेडमध्ये, टायरवर टायर रचून केलेल्या खांबाआड. त्यामुळे यार्डात भाजी कधी आली याची नोंद सापडते; हवा कधी आली याची नाही. महामार्गांवरच्या अशा दुकानांत एके काळी केरळमधून आलेली माणसे पुष्कळ होती, आता बिहार-उत्तर प्रदेशची अधिक दिसतात. मुलखापासून इतक्या लांब येऊन हवा विकणाऱ्या या लोकांवर मराठीत लिहिले गेले आहे ते फारच थोडे.

दुकानातला कॉम्प्रेसर ओळखू येतो तो पट्ट्याच्या टपटपीवरून. आडवी टाकी, वर दोन सिलिंडरांचा पंप, बाजूला मोटर, मधे जाळी नसलेला पट्टा. त्याच्या शेजारी पाण्याचा टब, घण, दोन-तीन टॉमी, व्हील पाना, सोल्यूशनचा डबा. ट्यूबच्या टायरचे काम अंगमेहनतीचे: रिंग उडवायची, टायर उतरवायचा, फ्लॅप काढायचा, ट्यूब फुगवून पाण्यात बुडवायची, बुडबुडा धरायचा, घासायचे, पॅच लावायचा, आणि सगळे पुन्हा उलट क्रमाने. यातला जीवघेणा क्षण शेवटी येतो. लोखंडी रिंग खाचेत नीट बसलेली नसेल आणि आत शंभर पौंड हवा गेली, तर ती रिंग गोळीसारखी सुटते. जाणता कारागीर रिंगची बाजू जमिनीकडे किंवा भिंतीकडे करतो, साखळी गुंडाळतो आणि हवा भरताना समोर उभा राहत नाही. रेडियल आणि ट्यूबलेस टायरांनी हा प्रकार पुष्कळ कमी केला आहे. त्यांनी कारागिराचा अर्धा धंदाही नेला, हे ओघाने आलेच.

दुकानातल्या यंत्रांचे कूळ शोधायला पुणेकराला शहर सोडावे लागत नाही. किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी १९५८ मध्ये निघाली आणि हडपसरला तिचे कॉम्प्रेसर बनू लागले. साठच्या दशकात स्वीडनच्या ॲटलस कॉप्कोने दापोडीला बस्तान बसवले. मार्केट यार्ड एका अंगाला, हडपसर दुसऱ्या, दापोडी तिसऱ्या. हवा दाबण्याच्या विद्येत हे शहर देशात पुढे राहिले आहे. अर्थात ते कॉम्प्रेसर कारखान्यांसाठी, धरणांसाठी, बोगद्यांसाठी. पंक्चरच्या दुकानात जातो तो त्यांचा गरीब भाऊबंद.

गाडीवर बसवलेल्या कॉम्प्रेसरचा अस्सल मराठी नमुना बघायचा तर मात्र शहराबाहेर पडावे लागते. दख्खनच्या काळ्या खडकात विहीर खणणे म्हणजे पिढ्यान्पिढ्या वडार समाजाच्या हातांचे काम. पहार, घण, छिन्नी. सुरुंगासाठी एकेक भोक पाडायला तास न् तास. मग कुणीतरी ट्रॅक्टरच्या मागे कॉम्प्रेसर बसवला आणि ट्रॅक्टरच्याच इंजिनावर तो फिरवला. त्यातून निघालेले जाड पाइप विहिरीत सोडायचे, खाली ड्रिल मशीन, आणि दिवसभराचे काम काही तासांत. गावोगाव याला ‘कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर’ म्हणतात, विहिरीच्या कामाला तो ताशी किंवा भोकांच्या फुटांवर बोलावतात. १९७२ च्या दुष्काळानंतर पाण्याचा शोध आणखी खाली गेला आणि मोठ्या ट्रकांवर बसवलेली बोअरवेलची यंत्रे सर्रास दिसू लागली. तिथेही सारा खेळ हवेचाच. भोकाच्या तळाशी असलेला हातोडा हवेने ठोकतो आणि फुटलेल्या दगडाचा भुगा हवाच वर उडवते. या गाड्यांवरचा कॉम्प्रेसर ट्रकच्या ब्रेकच्या कॉम्प्रेसरसमोर हत्तीएवढा. गावातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे टायरही मग कामाच्या सुट्टीत त्याच्यावर फुकट भरून होतात. आणखी एकदा, उरलेली हवा.

छोट्या गाड्यांची कथा वेगळी आहे आणि तिचाही बराचसा भाग पुण्यात घडला. फिरोदियांच्या बजाज टेंपोने १९५८ मध्ये सुरुवात केली. जर्मन कंपनीच्या तीनचाकीवरून आलेले ‘टेंपो’ हे नाव मराठीत इतके मुरले, की कुठल्याही छोट्या मालगाडीला लोक टेंपोच म्हणतात. आकुर्डीहून मॅटाडोर निघाली. टाटांच्या पिंपरीच्या कारखान्यातून १९८६ मध्ये टाटा ४०७ आली आणि २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती. महिंद्राची बोलेरो पिकअप तर आज यार्डाच्या प्रत्येक गेटवर उभी दिसते. या गाड्यांनी शेतकरी आणि आडत्या यांच्यातले अंतर खरोखर कमी केले. दहा जणांचा माल एका ट्रकमध्ये गोळा होण्याची वाट न बघता एकटा शेतकरी तीस-चाळीस क्रेट घेऊन पहाटेच्या लिलावाला पोचू लागला.

गाडी लहान, म्हणून तिला हवेचा ब्रेक लागत नाही. तेलाचा ब्रेक, मदतीला इंजिनावरचा व्हॅक्युम बूस्टर, एवढ्यावर भागते. कॉम्प्रेसर वगळला की वजन वाचते, पैसे वाचतात, दुरुस्ती वाचते. कंपनीच्या हिशेबात सारे बरोबर. फक्त ज्या गाडीला वाडीवस्तीच्या पाणंद रस्त्याने, नांगरटीच्या कडेने, ओढ्यातून जायचे आहे, नेमकी तीच हवेविना निघाली. आणि ज्याला डांबरी महामार्ग सोडायचाच नाही, त्या ट्रकजवळ हवाच हवा. या विषयातला सगळ्यात मोठा विनोद हाच, आणि तो पिकअपवाल्याच्या जिवावर.

छोट्या गाडीवर पहिला कॉम्प्रेसर चढला तो टायरसाठी नव्हता, हे सुरुवातीला म्हटलेच आहे. ट्रकवाले टाकीच्या हवेवर प्रेशर हॉर्न वाजवायचे. टेंपोवाल्यांना त्याचा हेवा. त्यांनी मुठीएवढा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणला, दोन-तीन भोंगे जोडले आणि गाण्याच्या चाली वाजवत घाट उतरले. मोटार वाहन नियमांनी अशा वेगवेगळ्या सुरांच्या हॉर्नला बंदी घातली आहे. दंड होतो, भोंगे जप्त होतात, नवे लागतात. या भोंग्यांनी एक गोष्ट मात्र दाखवून दिली. बॅटरीवर हवा करता येते आणि तो डबा बॉनेटखाली मावतो.

टायरची गरज पुढे वेगळ्याच दिशेने पटली. चिखलात किंवा वाळूत टायरमधली हवा मुद्दाम कमी केली, की टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि रुतायच्या ऐवजी चालतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या डक या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हर जागेवर बसून टायरची हवा कमीजास्त करू शकत असे. समुद्रातून वाळूवर चढायला ती सोय हवीच होती. आपल्याकडे हे ज्ञान पसरवले ते जीप-थारच्या हौशी मंडळींनी. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत, मावळातल्या चिखलात, हवा सोडणे आणि पुन्हा भरणे हा नित्याचा भाग. सोडायला एक काडी पुरते. भरायला कॉम्प्रेसर लागतो, आणि हवा कमी ठेवून डांबरावर वेगात गेले तर टायरची भिंत तापून फाटते. परदेशातल्या हौशी लोकांनी यासाठी एसीचा जुना यॉर्क कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर बसवायची पद्धत रूढ केली. आपल्या गॅरेजवाल्याने भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उचलला. बॉडीला फवारा मारण्यापुरता तो ठीक होता, पण त्याला घरातली वीज लागते.

म्हणून पिकअपला बसतो तो बारा व्होल्टचा. काम वरवर सोपे दिसते आणि चुका तिथेच होतात. पहिली चूक वायरीची. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर सायकल किंवा मोटारीपुरता खेळण्यातला पंप चालतो; पिकअपचा मागचा टायर भरण्याजोगा कॉम्प्रेसर पंचवीस-तीस अँपिअर ओढतो, तेव्हा सॉकेटचा फ्यूज उडतो, आणि कुणी फ्यूजच्या जागी तार घातली असेल तर डॅशबोर्ड जळतो. जाणता इलेक्ट्रिशियन जाड वायर थेट बॅटरीपासून काढतो, बॅटरीला लागूनच फ्यूज ठेवतो, मधे रिले घालतो आणि डॅशबोर्डवरच्या बटणाने फक्त रिले चालवतो. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट. नाहीतर वर्षभरात खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पत्रा वायरीची साल सोलतो.

दुसरा वाद जागेचा. बॉनेटखाली जागा असते पण आधीच भट्टी पेटलेली असते; कॉम्प्रेसर स्वतःही तापतो, काही मिनिटे चालवला की त्याला तेवढीच विश्रांती द्यावी लागते. हौद्याखाली चासीच्या बाजूला थंडावा आहे, तर तिथे चिखल आणि ओढ्याचे पाणी. सीटखाली दोन्ही त्रास नाहीत, पण तिथे जॅक, पाने आणि ड्रायव्हरच्या चपला असतात. पुष्कळ जण कॉम्प्रेसर सीटखाली, छोटी टाकी हौद्याखाली आणि हवा ओढणारा फिल्टर उंचावर अशी तडजोड करतात. चासीच्या पट्टीला नवे भोक पाडू नये, आहे त्या भोकात ब्रॅकेट अडकवावा, हे जुने मिस्त्री आवर्जून सांगतात. त्यांचे ऐकावे, ओझे वाहणारी पट्टी भोकापासूनच तडकते. टाकी असेल तर ठरल्या दाबाला बंद होणारा स्विच, त्याने दगा दिला तर उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, परत फिरू पाहणारी हवा अडवणारा चेक व्हॉल्व्ह आणि तळाशी पाणी सोडायची तोटी. ट्रकवर हे सगळे कंपनीने दिलेले असते. पिकअपवर एकेक नग बाजारातून गोळा करावा लागतो, आणि पैसे वाचवायचे ठरले की पहिली कुऱ्हाड सेफ्टी व्हॉल्व्हवर पडते. त्याच्यावर पडू नये.

हिशेबी माणूस विचारेल, पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, मग हा खटाटोप कशाला? हवा फुकट देणे पंपांना बंधनकारक आहे, हे खरे. पण पंप रस्त्यावर असतो आणि भरल्या गाडीचे चाक बसते शेताच्या बांधाला, रात्री, पहाटेच्या लिलावाच्या आधी. उशिरा पोचलेल्या कोथिंबिरीला आडत्या सकाळचा भाव देत नाही. तिथे ट्यूबलेसच्या भोकात दोरी ठोकून दहा-पंधरा मिनिटांत हवा भरता आली, तर त्या एका फेरीत कॉम्प्रेसरच्या किमतीचा मोठा वाटा वसूल होतो. ज्याची गाडी शहरातल्या शहरात फिरते, त्याने मात्र या भानगडीत न पडलेले बरे. त्याला गेटबाहेरचा पंक्चरवाला स्वस्त पडतो.

पंक्चरवाल्यांनीही वारे ओळखले आहे. शहरांत आता दुचाकीवर छोटा कॉम्प्रेसर लादून फोन आला की गाडीपाशी जाणारे कारागीर दिसतात. कुणाकडे पेट्रोलवर चालणारे इंजिन असते, कुणी बॅटरीवर भागवतो. मोटारीचे चाक असेल तर त्यांचे काम होते. दहा चाकी ट्रकचा टायर उतरवायला लागणारा घण, टॉमी आणि मोठी टाकी दुचाकीवर मावत नाही, त्यामुळे सातारा रस्त्याच्या कडेची पत्र्याची शेड अजून चालते, आणि रात्री तिथे रांग असते ती ट्रकांचीच.